पडदा आडवा, बातमी उभी

टीव्हीवरच्या बातम्या रुंद पडद्यावर गेल्या, तेव्हा सगळ्यात आधी अंगाने सुटले ते निवेदक. भिंतीवर नवा पसरट टीव्ही आला होता, पण वाहिनी अजून जुन्याच मापात बातम्या पाठवत होती. जुनं माप चारास तीन, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच. नव्या पडद्याचं माप सोळास नऊ. चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणून बसवलं की माणूस उंचीला तेवढाच राहतो आणि रुंदीला एक तृतीयांशाने वाढतो. बारीक चणीची निवेदिका संध्याकाळच्या बातम्यांना एकदम खात्यापित्या घरची दिसू लागली. तिरंग्यावरचं अशोकचक्र लांबट झालं, क्रिकेटचा चेंडू अंडाकृती झाला. काही मंत्रिमहोदयांच्या बाबतीत मात्र फरक कुणाच्या लक्षातही आला नाही.

चित्र पूर्ववत करायची सोय रिमोटवर होती. बटण दाबलं की माणसं आपल्या मापात यायची आणि डावी-उजवीकडे दोन काळे खांब उभे राहायचे. पडद्याचा बरोब्बर चौथा हिस्सा त्यांत जायचा. इथे मध्यमवर्गीय मराठी घरात तात्त्विक पेच उभा राहिला.

“अहो बाबा, ते चित्र ताणलंय. माणसं बघा कशी दिसतायत.”

“दिसू देत. पैसे अख्ख्या टीव्हीचे मोजलेत. काळ्या पट्ट्या बघायला नाही आणला.”

यावर आजवर कोणालाही उत्तर सुचलेलं नाही. धाकट्यांनी दुपारी चित्र नीट करून ठेवायचं आणि ज्येष्ठांनी बातम्यांच्या आधी ते पुन्हा ताणायचं, असा गनिमी कावा कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालला. बाबांना बिचाऱ्यांना हेही माहीत नव्हतं, की २९ इंची जुना टीव्ही देऊन ३२ इंची नवा घेतला त्या सौद्यात ते उंचीला फसले होते. इंच मोजतात ते तिरके, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. चारास तीनच्या २९ इंची पडद्याची उंची हिशेबाने सव्वासतरा इंचांच्या वर भरते, सोळास नऊच्या ३२ इंचीची पावणेसोळाच्या आसपास. टीव्ही तीन इंचांनी मोठा आणि त्यातला माणूस दीड इंचाहून जास्त बुटका. दुकानदार हे सांगत नाही. शोकेसमध्ये सुताराने जुन्या टीव्हीसाठी केलेल्या खणात नवा मावत नाही, तेवढंच कळतं.

हे माप आलं कुठून, ते थोडक्यात उरकतो. चारास तीन ही काही टीव्हीवाल्यांची कल्पना नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या गृहस्थांनी पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चार भोकांच्या उंचीचं चित्र बसवलं, ते या प्रमाणात बसलं. ते आधी सिनेमाने उचललं, मग टीव्हीने. पुढे टीव्ही अमेरिकेत घरोघर शिरला आणि थिएटरं ओस पडू लागली, तेव्हा घरात मिळणार नाही असं काहीतरी द्यायचं म्हणून हॉलिवूडने १९५३ साली ‘द रोब’पासून सिनेमास्कोपचा लांबलचक पडदा काढला. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट गुरुदत्तचा ‘कागज के फूल’, साल १९५९. त्याच साली १५ सप्टेंबरला दिल्लीत दूरचित्रवाणीचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. रुंद पडदा आणि अरुंद पडदा दोघेही एकाच वर्षी दारात उभे. ‘कागज के फूल’ पडला. टीव्ही काय झाला ते आपण बघतोच आहोत.

सोळास नऊचा जन्म मात्र एका तडजोडीतला. १९८४ साली कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने सिनेमा-टीव्हीतल्या सगळ्या चालू मापांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्य जुळवून एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत सामाईक उरणारा आतला आयत, दोघांचंही प्रमाण सोळास नऊच्या जवळ निघालं. म्हणजे हे कुणाचंच लाडकं माप नव्हे. सगळ्यांना सारखंच अडचणीचं, म्हणून सगळ्यांना मान्य. आघाडी सरकारात मुख्यमंत्रिपद अशाच माणसाकडे जातं.

या सगळ्या चर्चेत सिनेमाला काय हवं ते विचारलं गेलं, खेळांना काय हवं ते विचारलं गेलं. फुटबॉलचं मैदान आडवं असतं, त्याला रुंद पडदा शोभतो. बातमीला कोणी विचारलं नाही. बातमी सांगतो एक माणूस, आणि माणूस हा मुळातच उभट प्राणी आहे. त्याचा चेहरा उभट, त्याचा पासपोर्टचा फोटो उभट, त्याचा कागद उभा. त्याला आडव्या पडद्यात मधोमध बसवला की दोन्ही बाजूंना जागा उरते. त्या उरलेल्या जागेचं करायचं काय, हा बातम्यांच्या धंद्यापुढचा खरा प्रश्न. गेली वीसेक वर्षं सगळ्या जगाच्या वृत्तवाहिन्या तोच सोडवत बसल्या आहेत.

अमेरिकेत त्याचं पहिलं उत्तर होतं: काही करायचं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या रालेच्या डब्ल्यूआरएएल या स्थानकाने २००१ सालीच नियमित बातम्या एचडीत द्यायला सुरुवात केली होती, एनबीसीच्या रात्रीच्या राष्ट्रीय बातम्या २००७ मध्ये एचडीत गेल्या. पण घरोघरी जुने टीव्ही होते आणि त्यांना चित्राच्या दोन्ही कडा छाटून मधला तुकडा जायचा. त्यामुळे स्टुडिओतल्या मॉनिटरवर चारास तीनच्या दोन उभ्या रेघा मारलेल्या असत. मजकूर, नकाशा, निवेदक, पाहुणा, जे जे महत्त्वाचं ते रेघांच्या आत. मग रेघांच्या बाहेर काय? अर्थातच, जे बिनमहत्त्वाचं ते. सेटचा निळा उजेड, काचेची भिंत, कुंडीतलं झाड. नवा महागडा टीव्ही घेणाऱ्याला जास्तीच्या पैशांत मिळालं ते हे झाड. जुना टीव्ही ठेवणाऱ्याला झाड दिसलं नाही, बातमी तेवढीच मिळाली.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या स्थानकांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं आणि हळूहळू रेघा पुसल्या जाऊ लागल्या. फॉक्स न्यूजने त्याच सप्टेंबरात आपली सगळी वाहिनीच रुंद केली. जुन्या टीव्हीवाल्यांना आता वर-खाली काळ्या पट्ट्या. कडेचं झाड बघायला मिळालं, पण सगळं चित्र लहान होऊन. ब्रिटिशांनी त्याआधी आपल्या स्वभावाला साजेसा मार्ग काढला होता: चौदास नऊ. दोन्ही कडा थोड्याथोड्या छाटायच्या, वर-खाली थोडं थोडं काळं ठेवायचं. कोणाचंच पूर्ण समाधान नाही, त्यामुळे तक्रारीलाही जोर नाही.

आपल्याकडे मधला मार्ग निघाला नाही. आपल्याकडे केबलवाला निघाला.

मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे, नागपूर, नाशिक वगैरे शहरांत ३१ मार्च २०१३ या मुदतींनी सेट-टॉप बॉक्स घरात आला. त्याच्या पोटात पडद्याच्या मापाचा एक मेन्यू होता आणि टीव्हीच्या पोटात दुसरा. दोघांची ओळख नव्हती. वाहिनी रुंद चित्र पाठवणार, बॉक्स समजणार की घरात जुना टीव्ही आहे म्हणून वर-खाली पट्ट्या घालणार, टीव्ही समजणार की जुनं चित्र आलंय म्हणून दोन्ही बाजूंना खांब घालणार. असं झालं की मधोमध छोटंसं चित्र आणि चारही बाजूंनी काळी चौकट, थेट वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेसारखी. तिच्यात बसून जिवंत निवेदक ठणठणीत आवाजात कांद्याचे भाव सांगत असे. केबलवाल्याला फोन केला की तो म्हणायचा, “सिग्नल तर ओके आहे, तुमचा टीव्ही बघून घ्या.” टीव्हीवाला म्हणायचा, “टीव्ही ओके आहे, बॉक्स बघून घ्या.” दोघांचंही खरं होतं, हे त्यातलं दुःख.

आणखी एक गंमत कोणी फारशी बोलून दाखवत नाही. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या डिजिटल प्रक्षेपणात आपल्याकडे चित्राला आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके मिळतात. चारास तीनमध्येही तेवढेच, सोळास नऊमध्येही तेवढेच. रुंद करताना नवे ठिपके येत नाहीत, आहेत तेच लांब करून बसवतात. पडदा वाढला, माल तोच राहिला. आपल्या बातम्यांच्या रुंदीकरणाचं याहून प्रामाणिक वर्णन मला तरी सुचत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्या काळच्या चौकटीत निवेदक छातीपर्यंत दिसायचा आणि खाली टेबल. स्मिता पाटील तिथे बातम्या वाचायच्या तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. चौकटीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बातमी चेहऱ्यातून आणि आवाजातून यायची. प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, अनंत भावे यांनी बातम्या वाचल्या त्या बसून, मान खाली घालून वर करत, हातातला कागद बाजूला ठेवत. बाजूला जागाच नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं हा प्रश्नही नव्हता.

पडदा रुंद झाल्यावर निवेदकाला आधी उभं केलं. मग चालायला लावलं. व्हिडिओ वॉलच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत तो फेऱ्या मारतो, हात पसरतो, वळतो, बोट रोखतो. सगळी अंगमेहनत जागा भरण्याची. पूर आला की ग्राफिक्सचं पाणी सोडून त्याला गुडघाभर उभं करतात, चक्रीवादळ आलं की छत्री देतात. एवढं करूनही कडा मोकळ्या राहतात, कारण मूळ अडचण सुटत नाही: माणूस उभा, पडदा आडवा. तेव्हा मग माणसं वाढवली.

संध्याकाळच्या चर्चेची चौकट एकदा शांतपणे, आवाज बंद करून बघा. वर उजवीकडे वाहिनीचं बोधचिन्ह, ते गोल गोल फिरतंय. डावीकडे ‘थेट’. खाली मथळ्याची जाड पट्टी, तिच्यावर प्रश्नचिन्हासकट आरोप. तिच्याखाली टिकर पळतोय, त्यात तालुक्याच्या बातम्या. कधी टिकरच्या खाली आणखी एक टिकर, त्यात शेअर बाजार. मध्येच सगळं चित्र आकसून वर उजव्या कोपऱ्यात जातं आणि डावीकडे नि खाली काटकोनात जाहिरात येते. त्याला धंद्यात एल बँड म्हणतात. साडी सेंटर, सोनं, बांधकाम प्रकल्प. आत उरलेल्या जागेत सहा खिडक्या. पाच पाहुणे आणि एक निवेदक, सगळे एकदम बोलतायत.

आता पाटी-पेन्सिल घ्या. पडदा सोळा रुंद, नऊ उंच. नवातला एक भाग टिकरला द्या. उरले आठ. त्यांच्या दोन ओळी करा, चार-चार उंचीच्या. सोळाचे तीन भाग करा, पाच पूर्णांक एक तृतीयांश रुंदीचे. आता एका खिडकीचं प्रमाण काढा. पाच पूर्णांक एक तृतीयांश भागिले चार.

चारास तीन.

अगदी बरोब्बर, दशांशाचाही फरक नाही. जगभरच्या अभियंत्यांनी समित्या नेमल्या, सरकारांनी मुदती दिल्या, कॅमेरे बदलले, स्टुडिओ पाडून नवे बांधले, तुम्ही-आम्ही टीव्ही बदलले, आणि एवढा उपद्व्याप करून मिळालं काय, तर त्याच जुन्या मापाचे सहा छोटे टीव्ही आणि खाली एक टिकर. फरक इतकाच, की जुन्या टीव्हीवर एका वेळी एकच माणूस बोलायचा.

रुंद पडद्याचा त्रास जिवंतांनाच झाला असंही नाही. वाहिन्यांच्या कपाटात जुन्या मापाच्या टेप भरलेल्या. किल्लारीचा भूकंप १९९३चा, मुंबईतला २६ जुलैचा पाऊस २००५चा. स्मृतिदिन आला की ही दृश्यं बाहेर निघतात आणि घाईत कोणी माप बघत बसत नाही. ‘एडिट’वरचं पोरगं फाइल ओढून टाकतं, ती पडदाभर ताणली जाते, झालं. मागच्या पिढीतले काटक नेते, आयुष्यभर पायी हिंडलेले, उपोषणं केलेले, गेल्यानंतर इतके गुबगुबीत झाले आहेत की आजच्या मुलांचा त्यांच्या त्यागावर विश्वास बसणं कठीण. पुण्यतिथीला तेवढी एक कळ दाबायची तसदी कोणी घेतली तर तेही श्राद्धच होईल.

आणि हे सगळं कसंबसं मार्गी लागतंय, सेटवरचं शेवटचं झाड हटवून तिथे खिडकी बसतेय, तोवर फोन आला. फोन म्हणजे कॉल नव्हे, हातातला. आज बातमी घडते तिथे वाहिनीचा कॅमेरा नसतो, बघ्यांचे फोन असतात, आणि बघ्या फोन उभा धरतो. त्याला कितीही समजावा. अपघात असो, मोर्चा असो, आमदारसाहेबांची शिवीगाळ असो, फोन उभाच. आणि त्याचं चुकत नाही. तो माणसाचं चित्र घेतोय, आणि माणूस, वर म्हटलं तसा, उभट. नऊ रुंद, सोळा उंच. हे चित्र आपल्या सोळास नऊच्या पडद्यावर अख्खं बसवलं, तर पडद्याचा एक तृतीयांशही व्यापत नाही. दोन तृतीयांशांहून जास्त जागा परत रिकामी, म्हणजे जुन्या खांबांच्या वेळी होती तिच्याहून कितीतरी जास्त.

काळं तर ठेवता येत नाही. बाबांनी पैसे अख्ख्या टीव्हीचे दिलेत. म्हणून वाहिन्यांनी एक युक्ती काढली: तेच चित्र मोठं करून, धूसर करून मागे पसरायचं. मधे मारामारी स्पष्ट, दोन्ही बाजूंना मारामारी अस्पष्ट. पण मराठी वृत्तवाहिन्यांचं समाधान धूसरावर होत नाही. त्यांनी एकच उभं चित्र शेजारी शेजारी तीनदा लावलं. हिशेब इथेही जुळतो. एक तृतीयांशाला थोडं कमी असलेल्या तीन उभ्या खिडक्यांत पडदा जवळजवळ पूर्ण भरतो, आणि मधे लाल रेघेपुरती फट राहते. नाशिकच्या सोसायटीत एक बिबट्या शिरतो, बातमीत तीन दिसतात. तिघेही एकाच वेळी त्याच कुत्र्याकडे वळतात. वनखात्याने बिबट्यांची मोजणी टीव्ही बघून केली, तर जुन्नरकरांना तालुका सोडावा लागेल.

मग गंगा उलटी वाहू लागली. बातम्या बघणारा माणूसही आता फोनवर बघतो, आणि तोही फोन उभाच धरतो. तेव्हा स्टुडिओत रुंद चित्र घ्यायचं आणि त्यातून मधला उभा तुकडा कापून फोनवर सोडायचा. मॉनिटरवर पुन्हा दोन उभ्या रेघा आल्या आहेत, मागच्यापेक्षा पुष्कळ जवळ जवळ. निवेदकाला पुन्हा मधोमध उभं केलं आहे आणि हात आखडते घ्यायला सांगितलं आहे. इतकी वर्षं ज्याला चालायला शिकवलं, त्याला आता एका फरशीवर उभं राहून बोलायचं आहे. छातीपर्यंत दिसला तरी पुरे.

चर्चेचं मात्र या कापाकापीत अवघड होतं. सहा खिडक्यांच्या आडव्या चौकटीतून मधला उभा तुकडा कापला की काय उरतं, ते फोनवर बघून घ्या. मधल्या वरच्या खिडकीत निवेदक सापडतो, खालच्या खिडकीत ज्येष्ठ विश्लेषक सापडतात, तेही बाजूने थोडे खरवडलेले. सत्ताधारी प्रवक्ता डावीकडे गेला, विरोधी प्रवक्ता उजवीकडे गेला, शेतकरी संघटनेचे पाहुणे तर कधीच कोपऱ्यात होते. चित्रातून कडेचे चौघेही साफ कापले गेले.

आवाज मात्र सहाही जणांचा येत होता.